कॉइल बांधणीचा संच : अवजारे चांगली, मापक मात्र पारखून घ्या

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानातून कॉइल (निकोटीनचा द्रव तापवून त्याची वाफ करणारे तारेचे वेटोळे) बांधण्याच्या अवजारांचा एक संच अठ्ठावीस पौंडांना घेतला आणि त्यानंतरचे पाच महिने तो जवळजवळ दर रविवारी वापरला. चेन लावलेल्या काळ्या कापडी पाकिटात रबरी पट्ट्यांमध्ये खोचलेली अवजारे, तारेची चार रिळे, कॉइलमध्ये घालून द्रव शोषण्यासाठीच्या कापसाची पिशवी, एक घडीपत्रक आणि तारेचा विजेला होणारा रोध मोजणारे छोटेसे यंत्र एवढा हा माल आहे. तो चीनमधल्या शेंजेनहून येतो आणि खोक्यावरचा छाप बदलून निदान तीन नावांनी विकला जातो, हे मी स्वतः दोन दुकानांत पाहिले. संचातल्या काही वस्तूंबद्दल माझी तक्रार असल्यामुळे छापलेले नाव येथे देत नाही.

हे लेखन ज्या देशांत या वस्तू कायदेशीर आहेत तिथे राहणाऱ्या आणि सिगारेट सोडण्यासाठी या मार्गाला लागलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याला या संचाची काहीच गरज नाही. ब्रिटनमध्ये टाकीची क्षमता २ मिलिलिटर आणि द्रवातले निकोटीन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम या मर्यादेत ही विक्री उघडपणे चालते आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून टाकून द्यायच्या व्हेपवर बंदी आहे. भारतात मात्र १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने, आणि त्याची जागा त्याच वर्षी घेणाऱ्या कायद्याने, ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर बंदी आणली असून पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुण्याच्या भाच्याने "मामा, येताना माझ्यासाठी एक आणशील का?" असे विचारले तेव्हा त्याला हेच सांगितले आणि विषय बाकरवडीकडे वळवला.

आता अवजारांकडे वळू. तार कापायची पक्कड उत्तम आहे. तिची धार एका बाजूने सपाट असल्यामुळे, कॉइल ज्यात आवळतात त्या खांबाच्या भोकाबाहेर आलेले तारेचे टोक अगदी लगत कापता येते. हे नुसते दिसण्यापुरते नाही, कारण बाहेर राहिलेले मिलिमीटरभर टोक वरच्या धातूच्या टोपीला टेकले की थेट शॉर्ट सर्किट होते. वेढे घालण्याच्या दांड्या २, २.५, ३ आणि ३.५ मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि व्हर्नियरने मोजल्यावर चारही बरोबर निघाल्या. कात्री बरी आहे. स्क्रू ड्रायव्हर दोन आहेत आणि दोन्ही टाकाऊ आहेत: पोलाद इतके मऊ की तिसऱ्या रविवारी टोक गोल झाले आणि खांबाच्या स्क्रूची खाचही त्याने खाल्ली. सैल राहिलेला स्क्रू म्हणजे तिथे तारेचा संपर्क कच्चा, आणि कच्च्या संपर्काच्या जागी उष्णता, त्यामुळे ही तक्रार दिसते तेवढी किरकोळ नाही. मी घड्याळजी वापरतात तसले एक पेचकस वेगळे घेतले.

सिरॅमिकच्या टोकांचा चिमटा मात्र या संचातला सगळ्यात देखणा आणि उपयोगी नग. कॉइल खांबांत बसवल्यावर कापूस घालण्यापूर्वी ती कोरडीच, पंधरा-वीस वॅटवर, एका वेळी सेकंद-दीड सेकंद तापवायची असते. ती मधल्या वेढ्यांपासून दोन्ही कडांकडे समान लाल होत गेली पाहिजे. बहुधा तशी ती पहिल्या फटक्यात होत नाही. एखादा कडेचा वेढा आधीच पिवळसर चमकतो, कारण दोन वेढे नीट लागलेले नसतात किंवा खांबाकडे जाणारा तारेचा पाय ताणलेला असतो. मग बटण सोडायचे, कॉइल अजून गरम असतानाच चिमट्याने वेढे अलगद दाबायचे, टोकाने सतारीच्या तारेसारखे वरून छेडायचे आणि पुन्हा तापवायची. सिरॅमिकमधून वीज वाहत नाही, म्हणून कॉइल चालू असताना चुकून टोक लागले तरी धोका नाही. तिथे भुवया उपटायचा लोखंडी चिमटा वापरला तर तो वेढ्यांना बगल देऊन विजेच्या धारेला सोपी वाट करून देतो आणि रोध एका क्षणात कोसळतो. माझ्या चिमट्याची टोके पाच महिन्यांत फक्त काळवंडली, तुटली नाहीत.

अशी एका जागी साठणारी उष्णता मी प्रथम पाहिली ती लहानपणी, काकांच्या खोलीवर. पांढऱ्या मातीच्या तबकडीच्या खाचांत बसवलेल्या तारेची शेगडी होती. तार तुटली की काका दोन्ही टोके पिळून जोडत, आणि दर जोडणीनंतर तारेची लांबी थोडी कमी, म्हणून रोध कमी, म्हणून शेगडी आधीपेक्षा जास्त तापे. पुढच्या वेळी तार बहुतेक त्या पिळाशेजारीच तुटे. कमी रोधाच्या कॉइलचे सगळे शास्त्र त्या तबकडीत होते. शेगडीतली ती तार नायक्रोमची, जिचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले. माझ्या संचातल्या चारपैकी दोन रिळे कँथलची आहेत, म्हणजे लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या त्या मिश्रधातूची, ज्याला स्वीडनच्या हान्स फॉन कान्ट्सोव्ह यांच्या आडनावावरून नाव पडले. उरलेली दोन ३१६एल स्टेनलेस स्टीलची.

रिळांवर लिहिलेली जाडी खरी आहे का, हे पाहण्यासाठी मी २६ गेजच्या कँथलची तार मोजली. ती ०.४० मिलिमीटर भरली, म्हणजे ठीक. या तारेचा रोध मीटरला सुमारे ११.३ ओहम असतो. ३ मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे आणि दोन्ही पाय मिळून साधारण ७४ मिलिमीटर तार लागते, तिचा रोध ०.८४ ओहमच्या आसपास येतो, आणि अशा दोन कॉइल समांतर जोडणीत बसवल्या की एकूण ०.४२ ओहम होतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे विभवांतर ४.२ व्होल्ट, म्हणजे धारा १० अँपिअर आणि शक्ती ४२ वॅट. हा हिशोब शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे जात नाही. तार २४ गेजची, म्हणजे आणखी जाड, घेतली तर त्याच सहा वेढ्यांच्या दोन कॉइलचा रोध ०.२७ ओहम होतो, धारा १५.६ अँपिअरवर जाते, आणि बॅटरीची मर्यादा दिसू लागते.

इथेच संचातल्या त्या छोट्या मापकावर सगळी भिस्त येऊन पडते, आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे.

मापक ॲटोमायझरचा, म्हणजे व्हेपमधल्या ज्या भागात कॉइल आणि कापूस बसतात त्याचा, पेच वर बसवण्याच्या प्रकारचे आहे, पडदा लहान पण स्पष्ट, आकडे दशांशानंतर दोन घरांपर्यंत. संच आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला शंका आली, कारण मोजून कापलेल्या तारेची कॉइल हिशोबापेक्षा सतत थोडी जास्त रोधाची दिसत होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक टक्का अचूकतेचे तीन रोधक आणले: ०.१०, ०.२२ आणि ०.४७ ओहमचे. त्यांचे पाय आखूड कापून एकेक करून कॉइलच्या जागी खांबांत घट्ट आवळले आणि मापकावर चढवले. पडद्यावर अनुक्रमे ०.१५, ०.२७ आणि ०.५२ उमटले. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच, ०.०५ ओहमची. चूक टक्केवारीने वाढत नसून दर वेळी तेवढीच मिळवली जाते, याचा अर्थ ती रोधकाची नाही, वाटेतल्या संपर्काची किंवा मापकाची आहे. घरातल्या साध्या मल्टिमीटरनेही ती पकडता येत नाही, कारण त्याच्या दोन वायरींचा स्वतःचाच रोध याहून मोठा असतो. म्हणून खात्रीसाठी टेबलावरच्या वीजपुरवठा यंत्रातून खांबांमधून बरोबर १ अँपिअर धारा सोडली आणि खांबांच्या माथ्यांवर स्वतंत्र टोके टेकवून विभवांतर वाचले. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिओहम. ०.२२ च्या रोधकाला २२२ मिलिव्होल्ट आले. रोधक निर्दोष होता.

मग मापकाचा आणि ॲटोमायझरचा पेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसला. काडी राखाडी झाली. कारखान्यातून येताना धातूला लागलेले यंत्राचे तेल आटोकाट पुसलेले नसते, हे नव्या मालाच्या बाबतीत नेहमीचेच. पुन्हा मोजल्यावर चूक ०.०५ वरून ०.०३ वर आली आणि तिथेच थांबली. ही उरलेली चूक मापकाची.

तीन शतांश ओहम हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो. १.८ ओहमच्या जुन्या पद्धतीच्या कॉइलसाठी तो नगण्य आहेच; तिथे अगदी ०.०५ ची चूक धरली तरी २.३३ आणि २.४ अँपिअर यांत काही बिघडत नाही. पण पेच न पुसता मापक ०.२५ दाखवते आणि खरा रोध ०.२० आहे असे धरा. आपण १६.८ अँपिअर गृहीत धरून निश्चिंत बसतो आणि बॅटरीतून २१ अँपिअर वाहतात. सॅमसंगच्या २५आर या १८६५० आकाराच्या बॅटरीची अखंड धारेची मर्यादा २० अँपिअर आहे. एलजीच्या एचजी२ चीही तेवढीच, सोनीच्या व्हीटीसी६ ची तर १५. म्हणजे मापकाच्या चुकीने आणि तेलाच्या एका पुसट थराने माणूस मर्यादेच्या आतून बाहेर नेऊन ठेवला, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. रोध जितका कमी, तितकी तीच चूक महाग. जो संच मुद्दाम कमी रोधाच्या कॉइलसाठी म्हणून विकला जातो, त्याच्या मापकात ही चूक असणे मला अक्षम्य वाटते.

वरचा हिशोब कोणाला लागू आहे, हे सांगायला हवे, कारण या बाबतीत अनुभवी माणसांचाही गोंधळ असतो. मॉड म्हणजे व्हेपचा हातात धरायचा, बॅटरी असलेला भाग. ज्या यांत्रिक मॉडमध्ये बटण, बॅटरी आणि कॉइल एवढेच असते आणि मध्ये कोणतेही नियंत्रक मंडल नसते, तिथे कॉइलचा रोधच धारा ठरवतो. नियंत्रित मॉडमध्ये मात्र आपण वॅट ठरवतो आणि आतले मंडल बॅटरीतून हवी तितकी शक्ती ओढून घेते. तिथे ७५ वॅट मागितले की कॉइल ०.२ ओहमची असो वा ०.८ ची, एकाच बॅटरीवर, ती उतरून ३.२ व्होल्टवर आली असता आणि मंडलाची कार्यक्षमता नव्वद टक्के धरता, बॅटरीतून सुमारे २६ अँपिअर जातात. म्हणून नियंत्रित मॉडवर जास्त रोधाची कॉइल लावून बॅटरी वाचवली असे समजणे व्यर्थ आहे. तिथे वॅट कमी करावे लागतात. मी स्वतः यांत्रिक मॉड दोन वर्षांपूर्वी कपाटात ठेवून दिले ते पुन्हा काढले नाही. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्ससमध्ये व्हेपच्या स्फोटाने माणसे दगावली, त्यानंतर घरच्यांचे म्हणणे टाळण्यासारखे राहिले नव्हते.

घडीपत्रकाबद्दल लिहिताना मात्र सौम्य शब्द सुचत नाहीत. त्यात वेढ्यांची एक सुबक तालिका आहे, आणि तिच्या शेवटच्या ओळीत ०.१० ओहमची बांधणी 'मोठ्या ढगांसाठी' म्हणून सुचवली आहे. कोणत्या मॉडवर, कोणत्या बॅटरीवर, याचा एक शब्दही नाही. ४.२ व्होल्टला ०.१० ओहम म्हणजे ४२ अँपिअर. यांत्रिक मॉडमध्ये एका १८६५० बॅटरीकडून अखंड तेवढी अपेक्षा करणे म्हणजे तिच्या आतल्या रसायनाशी जुगार खेळणे. बॅटरीच्या वेष्टनावर '४० अँपिअर' छापलेला माल बाजारात असतो, पण तो आकडा क्षणभराच्या धारेचा असतो किंवा विक्रेत्याच्या उत्साहाचा. मूळ कारखान्याच्या माहितीपत्रकातला अखंड धारेचा आकडाच धरावा. पत्रकात बॅटरीचे प्लास्टिक वेष्टन फाटले तर ती वापरू नये, वरच्या टोकाची पांढरी कडी निघालेली असेल तर मुळीच नाही, आणि सुटी बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर न ठेवता डबीत ठेवावी, एवढ्या तीन ओळी छापायला किती खर्च आला असता? त्या जागी एका कवटीचे चित्र आहे.

स्टेनलेस स्टीलच्या रिळांमुळे मापकाच्या चुकीचा आणखी एक परिणाम ध्यानात आला. कँथलचा रोध तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही. ३१६एल पोलादाचा मात्र दर अंशाला दहा हजारात नऊ भागांनी, म्हणजे ०.०००९ पटीने वाढतो; तापमान नियंत्रित करणारी मॉड, उदाहरणार्थ इव्होल्व्ह कंपनीच्या डीएनए मंडलावरची, या वाढीवरूनच कॉइल किती तापली ते ओळखतात. २० अंशांवर ०.२० ओहम असलेली कॉइल २२० अंशांवर ०.२३६ होते. हा सगळा फरक छत्तीस मिलिओहमचा! आता मॉडच्याच पेचावर तेलाचा तो थर बसून ०.०३ ओहमचा संपर्करोध आला असे समजा. मॉड सुरुवातीला ०.२३ वाचते, त्याच्यावर अठरा टक्के वाढ म्हणजे सुमारे ०.२७१ येईपर्यंत तापवत राहते, पण त्यातले ०.०३ तापतच नसल्यामुळे ती वाढ एकट्या कॉइलला भरून काढावी लागते आणि ती २२० ऐवजी २५० अंशांपर्यंत जाते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते आणि ग्लिसरीन २९० ला. कापूस ओला असेपर्यंत ही उकळच कॉइलला थंड ठेवते. तो कोरडा पडला की तापमान वर जायला काही अडवत नाही, कापूस करपतो, ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतात आणि घसा तत्काळ सांगतो. तो करपट झुरका एकदा घेतलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही. तापमान-नियंत्रण त्याच झुरक्यापासून वाचवण्यासाठी असते, आणि अस्वच्छ पेच त्यातले तीस अंश चोरतो. कॉइल खोलीच्या तापमानावर पूर्ण थंड झाल्याशिवाय मॉडला तिचा मूळ रोध वाचू देऊ नये, ही दुसरी खबरदारी. मी तरी बांधणी झाल्यावर चहा टाकतो आणि तो पिऊन झाल्यावरच वाचन घेतो.

संचातला कापूस चांगला आहे. कॉइलमधून ओढताना किंचित अडेल पण कॉइल वाकडी होणार नाही इतका घ्यावा. घट्ट भरला तर द्रव मध्यापर्यंत पोचत नाही आणि सैल भरला तर मध्ये पोकळी राहते. शेपट्या तिरप्या कापून विंचरून घेतल्या की माझ्या ०.४२ ओहमच्या कॉइलला चाळीस वॅटवर तक्रारीला जागा उरत नाही.

मोजमापांचा तक्ता आणि तीन छायाचित्रे जोडून दुकानाला लिहिले, तेव्हा त्यांनी वाद न घालता दुसरे मापक पाठवले आणि पहिले परत मागितले नाही. दुसरे त्याच रोधकांना, पेच पुसल्यावर, ०.११, ०.२३ आणि ०.४८ दाखवते, म्हणजे वापरण्याजोगे आहे. एकाच खोक्याच्या मालात दोन मापकांमध्ये इतका फरक असेल तर तुमच्या वाट्याला कोणते येईल हे दुकानदारही सांगू शकणार नाही. तरीही पक्कड, दांड्या, चिमटा आणि कापूस यांचे सुटे मोल केले तर अठ्ठावीस पौंड वसूल होतात, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर फेकून द्यायची आणि पत्रकातली तालिका फाडून टाकायची तयारी असेल त्याने हा संच जरूर घ्यावा. पहिल्या मापकावर मी पांढऱ्या चिकटपट्टीने 'वजा ०.०३' असे लिहून ठेवले आहे. तिन्ही रोधक मिळून तीन पौंडांच्या आत मिळाले होते, ते आता पाकिटात कापसाच्या रिकाम्या कप्प्यात असतात.